विंडोजवरचे लिबरऑफिस आणि आमच्या सोसायटीचा संगणक

ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या कार्यालयात लेटरबॉक्सच्या मागच्या भिंतीला लागून एक जुना संगणक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय व नवा प्रोसेसर या यंत्रात नसल्यामुळे समितीच्या बैठकीत नव्या संगणकाचा खर्च हा विषय आला. आहे त्याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही कार्यप्रणाली टाकून पाहू, असे मी सुचवले. सेक्रेटरी काकांनी एकच प्रश्न विचारला, "आपल्या नोटिशी ज्यात करतो, ते त्यात चालेल ना?" ते लिबरऑफिस हे पत्रे, तक्ते करायचे मुक्त सॉफ्टवेअर वापरतात आणि तेही गेली नऊ-दहा वर्षे, विंडोजवर. "तेच आहे, काका," एवढेच उत्तर पुरले.

त्या उत्तराने माझेच एक जुने मत मोडीत निघाले. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा सोर्स कोड सर्वांना खुला असतो ते, विंडोज आणि मॅकवर पोर्ट करावे (तिथेही चालेल असे करून द्यावे) की नाही, हा वाद जुना आहे, आणि मी बरीच वर्षे 'करू नये' या बाजूला होतो. फायरफॉक्स ब्राउझर, व्हिडिओ पाहायचे व्हीएलसी, फोटो सुधारायचे गिंप, रेखाचित्रांचे इंकस्केप हे सगळे विंडोजवर फुकट आणि आयते मिळत असेल, तर लिनक्सकडे कोण कशाला वळेल? ओळखीतल्या एखाद्याला लिबरऑफिस बसवून दिले की मला वाटे, आपण याचे विंडोजवरचे बिऱ्हाड आणखी पक्के करून आलो. या बाजूचे लोक आयबीएमच्या ओएस/२ या कार्यप्रणालीचे उदाहरण हमखास देत. १९९२ साली आलेल्या तिच्या २.० आवृत्तीत विंडोजचे प्रोग्राम चालत, आणि मग ओएस/२ साठी वेगळे प्रोग्राम लिहिण्याची गरज सॉफ्टवेअर कंपन्यांना वाटेना. हे उदाहरण मला आता गैरलागू वाटते. तिथे परक्याचे प्रोग्राम आपल्या घरात आले होते. इथे आपले प्रोग्राम परक्याच्या घरी जातात.

शिवाय आपले प्रोग्राम परक्या घरी जाण्याने आपलेच घर राहण्याजोगे होते, हे मला फार उशिरा कळले. २००० नंतरच्या काही वर्षांत विंडोजबरोबर येणाऱ्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर होता, आणि अनेक संकेतस्थळांवर 'केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये पाहावे' अशी तळटीप असे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. तो केवळ लिनक्सवर आला असता, तर मूठभर ग्राहकांसाठी कोणत्या बँकेने आपले पान दुरुस्त केले असते? तो विंडोजवर लाखो लोकांनी घेतला, म्हणून पाने दुरुस्त करणे भाग पडले, आणि त्याचा लाभ माझ्यासारख्या लिनक्सवाल्याला आयता मिळाला.

मराठीपुरते बोलायचे तर गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे, कारण एकच सॉफ्टवेअर दोन्हीकडे असणे आणि एकच पान दोन्हीकडे सारखे दिसणे यांत पुष्कळ अंतर होते. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, त्यामुळे दर ऑगस्टमध्ये काका विंडोजवर नोटीस तयार करत आणि तपासायला मला पाठवत. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर ती उघडली की ओळी वेगळ्याच ठिकाणी मोडत आणि 'समितीच्या आदेशावरून' ही शेवटची ओळ व सहीची जागा एकटीच दुसऱ्या पानावर जाऊन बसे. मी ती ओढून-ताणून पहिल्या पानावर आणी, परत पाठवी. काकांकडे मग पानाखाली चार बोटे रिकामी जागा दिसे. याला कारणे दोन होती. देवनागरीची जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे काम लिबरऑफिस विंडोजवर विंडोजच्या यंत्रणेकडून करून घेत असे आणि लिनक्सवर हार्फबझ या मुक्त लायब्ररीकडून. फेब्रुवारी २०१७ च्या ५.३ आवृत्तीपासून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्ही प्रणालींवर हार्फबझच आले. दुसरे कारण फाँट. काका वापरत तो मंगल फाँट विंडोजचा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून त्याच्या जागी भलताच फाँट येई. मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' हा खुल्या परवान्याचा फाँट दोन्ही यंत्रांवर बसवला आणि त्यानंतर सहीची ओळ पहिल्या पानावर ठरली ती ठरलीच. (तो फाँट काकांना इतका आवडला, की पाण्याच्या टाकीच्या सफाईची सूचनाही त्यातच ठळक अक्षरांत येऊ लागली.)

अर्थात कोणतेही पोर्ट चालेल असे नाही. अर्धेमुर्धे पोर्ट नसलेलेच बरे. वाशीतील माझी एक मैत्रीण लग्नपत्रिका आणि बोधचिन्हे करते, मॅकवर. तिने माझ्या आग्रहावरून काही वर्षांपूर्वी इंकस्केप घेतले, तेव्हा त्यासाठी एक्सक्वार्ट्झ हे दुसरेच सॉफ्टवेअर आधी बसवावे लागे आणि मॅकच्या सवयीचे शॉर्टकट त्यात चालत नसत. तिने दोन दिवसांत ते काढून टाकले. मे २०२० च्या १.० आवृत्तीपासून इंकस्केप मॅकवर थेट चालते, पण ते तिला सांगून उपयोग नाही, कारण 'फुकटातले असेच असते' हे मत तिने तेव्हाच बनवले आहे.

शिवाय हे पोर्ट करते कोण? बहुधा आपला वेळ खर्चून एखादा स्वयंसेवकच. गिंप विंडोजवर आणले ते मुख्यतः टोर लिलक्विस्ट या फिनलंडच्या एका प्रोग्रामरने. मॅकवर रीतसर सही केलेले सॉफ्टवेअर द्यायचे तर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर भरावे लागतात. ही मेहनत आणि हा पैसा मूळ कामातूनच वजा होतो, ही जुन्या पक्षाची तक्रार मला अजूनही रास्त वाटते. ईमॅक्स या मजकूर लिहिण्याच्या जुन्या मुक्त प्रोग्रामच्या मंडळींनी यावर आपला एक कडक तोडगा काढला आहे: ईमॅक्स विंडोज आणि मॅकवर मिळते, पण मुक्त प्रणालीवर नसलेली सोय त्यांनी तिकडे आधी द्यायची नाही. या धोरणापायी २०१६ च्या आवृत्तीत त्यांनी मॅकवर रंगीत इमोजी दिसण्याची चालू सोय बंद केली, आणि लिनक्सवर ते शक्य झाल्यावर, २०२० मध्ये, पुन्हा सुरू केली. मॅकवाले त्या चार वर्षांत चिडले असतील, यात शंका नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही चिडलो असतो. तरी अग्रक्रम कोणाला, हे ठरवून वागण्याची ती रीत मला पटते.

आमच्या कार्यालयातील बदल एका शनिवारी संध्याकाळी उरकला. फायरफॉक्समधील खुणा (बुकमार्क) आल्या, नोटिशींचा फोल्डर आला, 'मुक्त' फाँट आला. प्रिंटरने तासभर छळले, पण ते तो विंडोजवरही करत असे. या नऊ-दहा वर्षांत काकांनी लिनक्सचे नाव एकदाही काढले नव्हते, आणि विंडोज १० चा पाठिंबा संपला नसता तर पुढची दहा वर्षेही काढले नसते, हे मला मान्य आहे. पोर्टमुळे कोणी आपणहून उठून लिनक्सकडे येत नाही. उठायची वेळ आली, तेव्हा काकांना नवीन काही शिकावे लागले नाही, एवढेच काय ते झाले.

खजिनदारांचा लॅपटॉप मात्र विंडोजवरच आहे. हिशेब तपासनीस ज्या सॉफ्टवेअरमधली फाइल मागतात, ते लिनक्सवर चालत नाही; विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनमध्ये उघडून पाहिले, तर डिजिटल सहीचा डोंगल त्याला सापडेना. त्याचा सोर्स कोड उघडा नसल्यामुळे फिनलंडचा काय, ठाण्याचाही कोणी ते पोर्ट करू शकत नाही. महिन्याचा जमाखर्च खजिनदार लिबरऑफिसमध्ये उतरवतात आणि पेनड्राइव्हवर कार्यालयात आणून देतात.