पोलादाइतकं लाकूड

शनिवार, रात्री उशिरा

अरणी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या कल्पनेच्या खेळातलं माझं पात्र, आज बाराव्या लेव्हलला पोचली. टेबलावरचे बाकीचे नवे हिटपॉइंट मोजत होते, मी मात्र सरळ 'आयर्नवुड' मंत्राचं पान उघडलं. कधीपासून याचीच वाट पाहत होते.

आम्ही अजून डंजन्स अँड ड्रॅगन्सची साडेतीन आवृत्ती खेळतो, 2003 सालची. अरणी ड्रुइड आहे, निसर्गाची शपथ घेतलेली जादूगार, आणि या आवृत्तीत ड्रुइडने धातूचं चिलखत घालायचं नाही. घातलंच, तर ते अंगावर असेपर्यंत आणि काढल्यावर आणखी 24 तास तिला एकही मंत्र टाकता येत नाही. म्हणून अरणी इतके दिवस कातड्याच्या चिलखतावर लढली, आणि पुढच्या फळीत उभी राहून मार खात आली. आयर्नवुड हा सहाव्या लेव्हलचा मंत्र (मंत्रांच्या लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळ्या). तो टाकला की लाकूड पोलादाइतकं मजबूत होतं आणि तितकंच जड. ते जळतही नाही. एवढं होऊनही ते लाकूडच राहतं, आणि नियमांत स्पष्ट लिहिलंय की ड्रुइडला ते चालतं. शपथेतून काढलेली ही पळवाट नाही, म्हणूनच हा मंत्र मला इतका आवडतो.

आकडेही फार विचार करून ठेवलेत. पात्राच्या लेव्हलमागे 5 पौंड, म्हणजे बाराव्या लेव्हलला 60 पौंड लाकूड कडक करता येतं. त्याच्या निम्म्यावरच थांबलं, तर वस्तूला वर +1 ची जादू मिळते. ब्रेस्टप्लेटचं, म्हणजे छातीच्या चिलखताचं, वजन बरोबर 30 पौंड! अकराव्या लेव्हलला साडेसत्तावीसच मिळाले असते. संरक्षणाचे कातड्याचे +3 जाऊन आता सरळ +6. पौंडाला एक मिनिट धरून अर्धा तास मंत्र म्हणत बसायचं, आणि तो टिकतो 12 दिवस.

पण आधी लाकडाला आकार द्यावा लागतो, आणि मला सगळ्यात गोडी त्याचीच. लाकडाला आकार देणारा 'वुड शेप' मंत्र टाकून क्षणात काम उरकता आलं असतं. मी डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, म्हटलं, नको, अरणी हाताने कोरेल. वादळात पडलेल्या ओकचा बुंधा घेतला, जिवंत झाड तोडलं नाही. रेषा छातीवर उभ्या येतील असा तो फाडला. डाव्या खांद्यापाशी एक गाठ आली, ती तासून न काढता तशीच ठेवली. मंत्र पुरा झाल्यावर डीएमने त्यावर सुरी मारून बघायला सांगितलं. सुरीच बोथट झाली. गाठ मात्र जिथल्या तिथे, रेषाही तशाच.

खऱ्या जगातही असं काही झालंय. 2018 साली मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी लाकूड रसायनांत उकळून त्यातलं काही लिग्निन, म्हणजे लाकडाला ताठपणा देणारा घटक, काढलं, मग ते तापवून दाबलं. लाकडाची ताकद दहापटीहून जास्त वाढली. हे वाचलं तेव्हा मला पहिली अरणीच आठवली होती.

पुढच्या खेपेला खाणीत उतरायचंय आणि तिथे रस्ट मॉन्स्टर आहे. त्याच्या मिशा लागल्या की लोखंडाचा भुगा होतो. आमचा पॅलाडिन, म्हणजे आमच्यातला धर्मयोद्धा, आत्तापासून धास्तावलाय. अरणीला तो काही करू शकत नाही. धातू तापवणारा 'हीट मेटल' मंत्रही तिच्या चिलखताला लागू नाही. उलट लाकूड वाकवणारा 'वार्प वुड' लागू आहे, आणि तो फक्त दुसऱ्या लेव्हलचा. समोर एखादा ड्रुइड आला तर हे पोलाद पिळवटू शकतं. मला हे न्यायाचं वाटतं. जे लाकूड आहे, त्याला लाकडाचं भय असणारच.

खाणीपर्यंत जायला पाच दिवस, यायला पाच. आत जास्तीत जास्त दोन दिवस मिळतात. तेवढ्यात काम झालं नाही तर तिथेच बसून मंत्र पुन्हा टाकावा लागेल, अर्धा तास, कोणीतरी पहाऱ्याला हवं. पॅलाडिनला उद्याच विचारते. त्याच्यासाठी 10 पौंडांची ढालही करून देईन म्हणते, लोखंडी ढाल त्याने वरच ठेवावी.