आमची वाटचाल : तंबू शिवणाऱ्यांची बिरादरी

आमचा धंदा ताडपत्रीचा. नगरला मार्केट यार्डाजवळ दुकान, मागे पत्र्याची शेड, शेडमध्ये शिलाईच्या मशिनी. ट्रकची ताडपत्री, कांद्यावर टाकायचा कागद, ऊसतोडीवाल्यांच्या कोप्यांसाठी तुकडे, शेडनेट, शेततळ्याचे अस्तर, दिंडीच्या राहुट्या, जे झाकायचे असेल ते आमच्याकडे मिळते.

ख्रिस्ती घरात या धंद्याला एक वेगळा मान आहे. येशूची शिकवण गावोगावी सांगत फिरणारा पौल प्रेषित तंबू करणारा होता. करिंथ शहरात तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे उतरला, कारण तिघांचा धंदा एकच. हे जोडपे रोमहून आलेले. क्लौद्य बादशहाने यहुद्यांना शहराबाहेर काढले, तेव्हा बिऱ्हाड उचलून इथे आले. बायबलातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा हा अठरावा अध्याय निघाला की वडील चष्मा वर करून म्हणायचे, "बघ, आपल्या बिरादरीतली माणसं."

सुरुवात आजोबांनी केली. अमेरिकन मराठी मिशन नगरला आले 1831 मध्ये. त्यांनी शाळा काढल्या, पुढे सुतारकाम, विणकाम अशी हाताची कामेही शिकवली. आजोबा त्याच वळणातले. हातात कसब होते, भांडवल नव्हते. भिंगारची छावणी जवळ, त्यामुळे लष्कराच्या लिलावातला जुना कॅनव्हास बाजारात यायचा. तो घ्यायचा, सडका भाग कापून टाकायचा आणि उरलेल्यातून बैलगाडीचे, पुढे ट्रकचे आच्छादन शिवायचे. तळहाताला चामड्याचा पट्टा, हातात दाभण, मेण ओढलेली सुतळी. सुती ताडपत्रीची गंमत अशी की पहिल्या पावसात ती थोडी गळते. मग सूत भिजून फुगते, विणीतली भोके बुजतात आणि गळणे थांबते. पण पाऊस चालू असताना आतून बोट लावलेत तर तिथूनच ठिबकायला लागते. नवीन गिऱ्हाईक पहिल्या सरीनंतर भांडायला यायचे, आजोबा म्हणायचे, "अजून एक पाऊस खाऊ द्या तिला."

वडिलांनी धंदा वाढवला आणि त्याला दोन नियम लावले. पहिला मापाचा. तीस बाय वीसची म्हणून घेतलेली ताडपत्री घरी नेऊन मोजली तर बऱ्याचदा एकोणतीस बाय एकोणीस भरते. कडा दुमडण्यात कापड गेले, असे उत्तर मिळते. बाजार याला कट साइज म्हणतो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. वडील दुमडून झाल्यावरचे माप सांगायचे. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे असे बायबलच्या नीतिसूत्रांत लिहिले आहे, आणि टेप तराजूत धरू नये असे कुठेही लिहिलेले नाही, हा त्यांचा युक्तिवाद. परिणाम असा की आमचा माल कायम महाग दिसायचा आणि भाव विचारून पुढच्या दुकानात गेलेली गिऱ्हाइके आम्ही पाहत बसायचो.

दुसरा नियम : ढग बघून भाव लावायचा नाही. त्याकडे पुढे येतो.

नव्वदच्या दशकात प्लास्टिक आले. हलके, स्वस्त, रंगीबेरंगी. शिवायचे काम संपत आले, नुसते कापा, कडेला दोरी घाला, रिंगा ठोका. कारागीर कमी झाले. वडिलांच्या वेळचे एक मास्तर तेवढे राहिले, ते अजून आहेत. दर शुक्रवारी दुपारी नमाजाला जातात आणि आम्ही रविवारी उपासनेला, त्यामुळे शेडचे वेळापत्रक जरा विचित्रच असते. मी दुकानात बसू लागलो तो हा उतरता काळ.

तेव्हा एका पाहुण्यांनी आम्हाला फ्रेम भेट दिली : 'मला जो सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करावयास शक्तिमान आहे.' पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेले फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, तेरावे वचन. हे वचन दुकानांत, टेम्पोवर, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, कॅलेंडरवर सगळीकडे दिसते, आणि बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ 'धंदा जोरात चालेल' असाच घेतला जातो. मला त्याचा राग येतो, स्पष्टच सांगतो. आधीच्या दोन वचनांत पौल काय म्हणतो ते फ्रेममध्ये मावत नाही. ज्या स्थितीत आहे तिच्यात संतुष्ट राहायला मी शिकलो आहे, असे तो म्हणतो. टंचाईत कसे राहावे ते मला कळते, विपुलतेत कसे राहावे तेही कळते. पोटभर खाणे आणि उपाशी राहणे, दोन्ही. आणि हे तो तुरुंगातून लिहितो आहे. 'सर्व काही' म्हणजे हे सर्व काही. नफातोट्याच्या दोन्ही रकान्यांत सारखेच उभे राहणे.

आमच्या मंडळीत प्रवचने बहुतेक टंचाईवर होतात. माझा अनुभव असा की टंचाईत समाधानी राहणे त्यातल्या त्यात सोपे, कारण दुसरा इलाज नसतो. अवघड जाते विपुलतेत. त्यात आमचा धंदा असा चमत्कारिक की आम्हाला विपुलता येते ती बहुधा दुसऱ्याच्या संकटातून. 2019 च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात चारा छावण्या पडल्या. दावणीला बांधलेल्या जनावरांना सावली लागते. शेडनेट आणि ताडपत्र्यांची इतकी मागणी आली की मुलगी शाळेतून येऊन रिंगा ठोकायला बसायची. देवाने भरभरून दिले म्हणून आभार मानायचे, की दुष्काळ हटावा म्हणून प्रार्थना करायची? वडील दोन्ही करायचे, एकाच दमात. मला ते जमले नाही.

त्याच उन्हाळ्यातला एक मोठा माल आम्ही एका ठेकेदाराला उधारीवर दिला. पैसे आलेच नाहीत. 'पुढून बिल सुटलं की देतो' हे इतक्या वेळा ऐकले की शेवटी फोन करणेच सोडले. ती रक्कम आजही खतावणीत आहे.

मग मार्च 2020. लॉकडाऊन लागला, लग्ने थांबली, मांडव थांबले, वाऱ्या थांबल्या. मास्तरांना पूर्ण पगार देता येईना. एका संध्याकाळी मंडळीतले दोन तरुण किराण्याची पिशवी घेऊन दारात उभे : "सलाम काका, पाळकसाहेबांनी पाठवलंय." दर महिन्याला दशांशाचे, म्हणजे कमाईच्या दहाव्या हिश्शाचे, पाकीट मंडळीत टाकणारा मी, हात पुढे होईना. शेवटी बायकोने पिशवी घेतली आणि निम्मे सामान बाजूला काढून मास्तरांच्या घरी पाठवले.

त्या दिवसांत तो चौथा अध्याय मी हिशेबनीसाच्या डोळ्यांनी वाचला. संतोषाची ती प्रसिद्ध वचने मुळात एका पोचपावतीत आली आहेत! फिलिप्पैच्या मंडळीने एपफ्रदीताच्या हाती पौलाला मदत पाठवली होती. 'मला सर्व पोहोचले, विपुल झाले' असे तो कळवतो. देण्याघेण्यात तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणत्या मंडळीने भाग घेतला नाही, थेस्सलनीकातही तुम्ही एकदा नव्हे दोनदा पाठवले, अशा मागच्या नोंदीही काढतो. त्या मंडळीची सुरुवात जिच्या घरातून झाली ती लुदिया जांभळी वस्त्रे विकणारी, म्हणजे कापडाच्या धंद्यातलीच. समाधानी माणूस कोणाकडून काही घेत नाही, अशी माझी समजूत होती. पौल घेतो, पोच देतो, मागत मात्र नाही. ही तिसरी वाट मला दुकानात बसून कधी सुचली नसती.

2021 च्या दुसऱ्या लाटेत वडील गेले. त्याबद्दल फार लिहिणार नाही. समाधान वगैरे काही वाटत नव्हते आणि ते वाटले पाहिजे असे सुचवणाऱ्या भल्या माणसांना मी टाळत होतो. त्याच पत्रात दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आल्याचे आहे. मला दुःखावर दुःख होऊ नये म्हणून देवाने दया केली, असे पौल म्हणतो. दुःखावर दुःख साचू शकते हे संतोषाचे धडे देणाऱ्यालाही ठाऊक होते. मला तेवढे पुरले.

आता दुसरा नियम. वडील गेल्यानंतरच्या एका मार्चमध्ये दुपारी आभाळ भरून आले, फोनवर गारपिटीचा इशारा. कांदा काढून शेतात पडलेला. तासाभरात दुकानासमोर मोटारसायकलींची रांग लागली. चिखलाने भरलेल्या पायांचा एक माणूस नोटा मोजायच्या आधीच ताडपत्री खांद्यावर टाकून म्हणाला, "शेठ, भाव नंतर सांगा." रस्त्यापलीकडे भाव केव्हाच वर गेला होता. बायकोने माझ्याकडे पाहिले. मुलीच्या कॉलेजची फी त्याच महिन्यात भरायची होती, हे दोघांनाही ठाऊक होते. आम्ही सकाळच्याच भावाने विकले आणि माल दिवेलागणीच्या आत संपला. रात्री शांत झोप लागली असे लिहायला बरे वाटले असते. प्रत्यक्षात कूस बदलत फरकाची बेरीज करत होतो. पहाटेपर्यंत गारा पडत होत्या. ती फी पुढे हप्त्यांत भरली.

आषाढीच्या आधी दिंडीवाले येतात. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरला जाताना नगरवरून जाते. एक विणेकरी बुवा दरवर्षी राहुट्या दुरुस्तीला देतात. एकदा मी पौलाचे हे सगळे त्यांना ऐकवले. ते म्हणाले, "मग आमचे तुकोबा वेगळं काय सांगतात?" मी म्हटले, आमचे ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकही तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. बुवा हसले, "पूल मजबूत आहे म्हणायचा," आणि बिलात सूट मागितली.

सध्या घरात वाद चालू आहे तो मुलीशी. तिला शेततळ्याची अस्तरे जोडायचे मोठे यंत्र कर्जाने घ्यायचे आहे. मी तिला पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पत्रातले अन्नवस्त्रावर तृप्त असण्याचे वचन ऐकवले. तिने ऐकून घेतले आणि विचारले, "पप्पा, पौल तंबू शिवत होता तेव्हा तुटक्या दाभणाने शिवत होता का? समाधानी राहायचं म्हणजे मास्तरांनी सत्तरीत उन्हात वाकून सांधे जोडायचे का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. संतोषाच्या नावाखाली आळस खपतो, हे मी मंडळीतही पाहिले आहे आणि व्यापाऱ्यांतही.

बँकेचा फॉर्म भरून झाला आहे. हप्ता किती ठेवायचा यावर अजून एकमत नाही; ती मोठा म्हणते, मी लहान. यंत्र आले तरी माप दुमडून झाल्यावरचेच सांगायचे आणि भाव सकाळी लागेल तो संध्याकाळपर्यंत राहील, एवढे तिने स्वतःहून कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवले आहे.