अँगस्ट्रॉम ते प्रकाशवर्ष, व्हाया औंढा नागनाथ

मोबाइलमध्ये एककं बदलून देणारं जे कॅल्क्युलेटर असतं, त्याचा मला नाद आहे. इंचाचे सेंटिमीटर करून माणसानं गप्प बसावं. पण डावीकडे अँगस्ट्रॉम, उजवीकडे प्रकाशवर्ष निवडल्याशिवाय मला चैन पडत नाही. उत्तर येतं १.०५७, आणि शेपटाला ‘ई वजा २६’. म्हणजे दशांशचिन्हानंतर आधी पंचवीस शून्यं, मग कुठे एक आकडा. कोणाला लागतं हे?

अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. हायड्रोजनचा अणू साधारण तेवढाच. स्वीडनच्या अँडर्स अँगस्ट्रॉमनं १८६८ साली सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा या मापात मांडल्या. अणूच्या कामाचं हे माप सूर्याकडे बघता बघता रूढ झालं, याची मला फार मौज वाटते.

प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जितकं कापतो तितकं अंतर. त्याचं तर आपल्याला नवल वाटायला नको. ‘स्टेशन किती लांब आहे हो?’ असं विचारलं की आपण ‘वीस मिनिटं’ म्हणतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलनं १८३८ मध्ये हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याचं अंतर काढलं, तेव्हा त्यानंही तेच केलं: प्रकाशाला तिथून यायला १०.३ वर्षं लागतात म्हणाला. (आजचा आकडा ११.४. रिक्षावाल्याचा अंदाज याहून जास्त चुकतो.)

आपल्याकडची जुनी शिडी बरीच आटोपशीर होती. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त आठ यव म्हणजे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा हात, चार हातांचा दंड, दोन हजार दंडांचा कोस, चार कोसांचं योजन. गुणाकार करून पाहिला: सातूच्या दाण्याच्या जाडीपासून योजनापर्यंत ६१,४४,००० पट. बस्स. संख्यांची नावं मात्र परार्धापर्यंत, म्हणजे एकावर सतरा शून्यांपर्यंत तयार. प्रकाशवर्षाचे मीटर ९,४६,०७,३०,४७,२५,८०,८०० होतात. ते त्यात आरामात बसतात. त्याचे अँगस्ट्रॉम करायला गेलं की परार्धही थिटा पडतो.

आणि दोन्ही टोकं एकाच वाक्यात लागणारी माणसं खरोखरच आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या वेधयंत्रांना गुरुत्वीय लहर, म्हणजे खुद्द अवकाशाला किंचित ताणत-आकसत जाणारी लाट, सापडली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर. इथे पोचेपर्यंत लहर इतकी क्षीण झाली, की यंत्राच्या चार किलोमीटर लांब भुजेत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. त्यापुढे अँगस्ट्रॉम म्हणजे अवाढव्यच! हेच प्रमाण सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतच्या अंतराला लावलं, तर सव्वाचार प्रकाशवर्षांत जेमतेम केसाच्या जाडीइतका फरक.

तसंच यंत्र आता हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायचंय. केंद्रानं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. त्यांच्याखालच्या जमिनीचा सातबारा अर्थातच हेक्टर-आरमध्ये, आणि बांधावरच्या गप्पांत हिशेब गुंठ्यांचा. या दोन्हींची अदलाबदल माझा मोबाइल चुटकीसरशी करून देतो, शेपटाला ‘ई’ न लावता.