पावती क्रमांक ०००४१७

१९८८ साली बार्शीत ट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्रावर, पत्रिका आणि बिलबुकं छापायला बसलो. पुढच्याच वर्षी मुद्रक संघाची खजिनदारी गळ्यात पडली. पावतीपुस्तक आमच्याच प्रेसचं: पांढरी-गुलाबी प्रत, मधे परफोरेशन, म्हणजे फाडायची छिद्रांची रेघ. नंबर मात्र हाताने. ते सहा चाकांचं नंबरिंग मशीन अजून ड्रॉवरमध्ये आहे. त्याची खूण डुप्लिकेटवर लावली की दोन्ही प्रतींवर तोच आकडा, मगच चाक पुढे. थेंबभर तेल घाला, आजही चुकत नाही.

आजीव वर्गणीतून साठलेले चार लाख आम्ही एका सहकारी बँकेत ठेवले. व्याज एक टक्का जास्त, म्हणून. २०१४ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा मी कटिंग मशीनला कागदाचा रिम लावून उभा होतो. खात्यामागे फक्त हजार रुपये मिळणार! सहा महिन्यांची मुदत वाढत गेली, शेवटी परवानाच गेला. हाती आला ठेव विम्याचा, म्हणजे बँक बुडाल्यावर ठेवीदाराला मिळणाऱ्या भरपाईचा, एक लाख. १९९३ पासून मर्यादा तेवढीच. ती पाच लाख झाली फेब्रुवारी २०२० मध्ये. आमचं तोवर आटोपलं होतं.

सभेत एकाने विचारलं, "खजिनदाराला बँकेकडून काय मिळालं?" त्याची स्वतःची चार वर्षांची वर्गणी थकलेली. मी २५ वर्षांची पावतीपुस्तकं टेबलावर मांडली. एकानेही उघडली नाहीत. तो पुढे वेगळी संघटना काढून अकरा सभासद घेऊन गेला. हे मला आजही लागतं.

त्याच आठवड्यात बाइंडरकाका सायकलवरून आले. स्वतःचा प्रेस नाही म्हणून त्यांना सभासद करून घ्यायला आम्ही किती कुरकुर केली होती! त्यांनी दहा वर्षांची वर्गणी पुढ्यात ठेवली. "पावती फाड," एवढंच म्हणाले. त्या पैशातून ऑडिटची फी गेली आणि धर्मादाय कार्यालयात हिशेब वेळेत पोचला.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, गावभर नवी बिलबुकं लागली. कागद संघामार्फत एकत्र घेतला, रिममागे थोडे पैसे संघाला ठेवले. गंगाजळी त्यातून उभी राहिली.

नव्या खजिनदारांनो, ठेव दोन बँकांत ठेवा. एकाच बँकेच्या दोन शाखांत ठेवून उपयोग नाही; विमा बँकेमागे मोजतात, मुद्दल आणि व्याज धरून. आणि आजीव वर्गणीला चहापाण्यासाठी हात लावू नका.

काकांच्या पावतीचा नंबर ०००४१७. तिची स्थळप्रत मी वेगळ्या फाइलला लावून ठेवली आहे.