देश गेला, उल्याना राहिली

इथे लॅटव्हियात आमच्या घरमालकीणबाईंच्या तोंडून सोव्हिएत काळाबद्दल मी कधी बरा शब्द ऐकला नव्हता. राजधानी रिगातला सोव्हिएत विजयस्तंभ २०२२ मध्ये पाडला, त्याचं त्यांना आजही समाधान आहे. त्याच बाई परवा माझ्या लेकीची उंची बघून म्हणाल्या, "बास्केटबॉलला घाल हिला, आमची उल्याना अशीच होती." आणि मग सोव्हिएत महिला संघाची सुवर्णपदकं अशा अभिमानाने सांगत बसल्या की मी ऐकतच राहिले.

ही बास्केटबॉलपटू उल्याना सेम्योनोव्हा लॅटव्हियातल्या दौगाव्पिल्सकडची. लॅटव्हिया तेव्हा सोव्हिएत देशाचाच भाग होता. शाळकरी वयातच प्रशिक्षकांनी हेरून तिला रिगाला आणलं. उंची सात फुटांच्या आसपास. तिचा 'टीटीटी' क्लब ट्राम-ट्रॉलीबस खात्याचा. आपल्याकडे रेल्वे खेळाडूंना पोसते ना, तसंच. या ट्रामवाल्यांच्या क्लबने १९६० ते १९८२ या काळात १८ वेळा युरोपियन चषक जिंकला. अठरा वेळा!

महिलांचं बास्केटबॉल ऑलिम्पिकमध्ये आलं तेच १९७६ साली, मॉन्ट्रियलला. तिथे सोव्हिएत संघाने अमेरिकेला ११२-७७ असं झोडपलं, त्यात उल्यानाचे एकटीचे ३२ गुण. १९८० ला मॉस्कोत पुन्हा सुवर्ण. राष्ट्रीय संघाकडून ती एकही अधिकृत सामना हरली नाही. त्यावर कुणीतरी म्हणतंच, एवढी उंची असली की काय, कुणीही जिंकेल. मला हे ऐकवत नाही. एवढं शरीर घेऊन वर्षानुवर्षं धावायचं, दोन-दोन जणी अंगावर घेऊन चेंडू टाकायचा, हे उंचीने आपोआप होत नाही. शिवाय १९५९, १९६४ आणि १९६७ ची विश्वविजेतेपदं या संघाने ती यायच्या आधीच मिळवली होती. लिदिया अलेक्सेयेवा या प्रशिक्षक बाईंनी १९६२ पासून १९८४ पर्यंत संघ घडवला, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं?

शेवट मात्र चटका लावणारा. जून १९९१ मध्ये तेल अवीवला युरोपियन स्पर्धेची अंतिम लढत सोव्हिएत संघ आणि युगोस्लाव्हिया यांच्यात झाली. सोव्हिएत मुली जिंकल्या, आणि वर्ष संपता संपता त्यांचा देशच उरला नाही. १९९२ ला बार्सिलोनात उरलेल्या प्रजासत्ताकांच्या मुली ऑलिम्पिकच्या ध्वजाखाली खेळल्या. उपांत्य फेरीत अमेरिका, अंतिम फेरीत चीन, दोघांना हरवून सुवर्ण घेतलं. लॅटव्हिया तोवर वेगळा झाला होता.

आपल्याकडे मुलगी उंच झाली की आत्या-मावश्या विचारतात, हिला स्थळ कुठून शोधायचं. इथे विचारतात, कुठल्या क्लबात खेळते. पण म्हणून आपल्याकडे काहीच नाही, असं कुणी म्हटलं तर मी गप्प बसणार नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली आहे. २०१७ ला बंगळुरूत आशिया चषकाच्या दुसऱ्या श्रेणीच्या अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी कझाकस्तानला ७५-७३ असं हरवलं, आणि कझाकस्तानही त्याच जुन्या सोव्हिएत देशातून निघालेला. घरमालकीणबाईंना हे मी मुद्दाम सांगितलं.

लेकीचं नाव इथल्या क्लबात घातलंय. आई फोनवर म्हणाली, म्हणजे आता तुम्ही तिकडचेच. तसं नाही गं. हॉल घराजवळ आहे, संध्याकाळी ती एकटी चालत जाते आणि येते. पुण्यात ऑफिस सांभाळून मला तिला रोज सरावाला नेणं जमलं असतं, असं मला वाटत नाही.