एम १०१ : पसरलेल्या प्रकाशाचे छायाचित्र

सप्तर्षीतील वसिष्ठ आणि मरीची या ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या पूर्वेला जवळपास समभुज त्रिकोण कल्पिला, तर त्याच्या तिसऱ्या टोकाशी एम १०१ ही सर्पिल दीर्घिका येते. तिची दृश्यप्रत (दिसणाऱ्या तेजाचे माप; आकडा लहान तितके तेज अधिक) सुमारे ७.९ असल्याने ती सोपी वाटते. पण हे सारे तेज जवळजवळ पूर्णचंद्राएवढ्या क्षेत्रावर पसरलेले असल्यामुळे तिच्या बाहेरच्या भुजा काळोख्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडापेक्षाही कितीतरी मंद असतात. म्हणूनच, माझ्या मते, या दीर्घिकेसाठी मोठ्या दुर्बिणीपेक्षा चंद्र नसलेले, शहराच्या उजेडापासून दूरचे आकाश अधिक मोलाचे ठरते.

एकच लांबलचक एक्सपोजर (कॅमेऱ्याने प्रकाश टिपण्याचा काळ) घेतल्यास ठळक तारे जळून पांढरे होतात. त्यामुळे काही मिनिटांच्या अनेक फ्रेम घेऊन त्यांचे स्टॅकिंग करावे, म्हणजे त्या एकावर एक रचून एकत्र कराव्या लागतात. एकूण वेळ चौपट केला, तरी नॉइजच्या (चित्रातील नको असलेल्या दाणेदारपणाच्या) तुलनेत सिग्नल (दीर्घिकेचा खरा प्रकाश) दुप्पटच होतो, हा हिशेब निर्दय आहे.

फ्लॅट फ्रेम, म्हणजे चित्रातील असमान उजेड आणि धुळीचे डाग दुरुस्त करण्यासाठी एकसारख्या उजळ पृष्ठभागाची घेतलेली छायाचित्रे, घेण्याचा अनेकांना कंटाळा येतो. तारकागुच्छाच्या छायाचित्रात ती हयगय कदाचित खपून जाईल, इथे मात्र नाही. कारण सेन्सरवरील धूलिकणांच्या सावल्या आणि कोपऱ्यांतील अंधार हे भुजांच्या प्रकाशापेक्षा अधिक ठसठशीत उमटतात आणि स्ट्रेचिंग करताना (चित्रातील मंद भाग उजळवताना) त्यांनाच उठाव मिळतो. पार्श्वभूमीतील उजेडाचा उतार काढणारी स्वयंचलित साधनेही जपून वापरावीत, कारण ती या फिकट भुजांनाच प्रकाशप्रदूषण समजून पुसून टाकू शकतात. एम १०१ मुळातच एका बाजूला कललेली, म्हणजे असमतोल आकाराची आहे. शेजारच्या दीर्घिकांच्या गुरुत्वाकर्षणाने, बहुधा एनजीसी ५४७४ मुळे, तिचा आकार असा बिघडला असावा, असे मानले जाते. पार्श्वभूमी कोळशासारखी काळी करण्याच्या हौसेपायी हा कललेपणाच नाहीसा झालेली छायाचित्रे मी पुष्कळ पाहिली आहेत. (रंग भडक करण्याच्या हौसेबद्दल न बोललेलेच बरे.)

मूळ फ्रेम मात्र तारीख-वेळेसह जपून ठेवाव्यात. १९ मे २०२३ रोजी जपानचे हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना याच दीर्घिकेत एसएन २०२३आयएक्सएफ हा अतिनवतारा (स्फोट होऊन एकाएकी उजळलेला तारा) दिसला, तेव्हा स्फोटाची नेमकी वेळ ठरवण्यासाठी शोधाच्या आधीच्या तासांत हौशी छायाचित्रकारांनी टिपलेल्या फ्रेम संशोधकांच्या उपयोगी पडल्या.