कार्ताहेनाचे शहरी किनारे: निळ्या पाण्याची आशा घरी ठेवून जा

कोलंबियातल्या कार्ताहेनाला फोटो बघून जाणारे बोकाग्रांदेच्या किनाऱ्यावर हमखास हिरमुसतात. वाळू राखाडी, पाणी गढूळ, मागे टोलेजंग इमारतींची रांग. मग्दालेना नदीचा गाळ दीके कालव्यातून थेट इथल्या खाडीत येतो, त्याला कोण काय करणार! निळंशार पाणीच हवं असेल तर बोटीने रोसारियो बेटं गाठा, नाहीतर बारू बेटावरचा प्लाया ब्लांका हा किनारा. दोन्हीकडे अख्खा दिवस मोडतो. मला मात्र शहरातलेच किनारे आवडले. पाणी कोमट, आणि तटबंदीतल्या जुन्या शहरातून टॅक्सीने पाच-दहा मिनिटांत पोचता येतं.

बोकाग्रांदेला सकाळी सातच्या सुमारास जा. नऊनंतर विक्रेते सुरू होतात: टोप्या, चष्मे, कालवं, मसाज. मसाजवाल्या बाई ‘फुकट आहे’ म्हणत पायाला तेल चोपडायला लागतात. दोन मिनिटांनी जो आकडा सांगतात तो ऐकून उरलेला थकवाही पळतो. पाय मागे घ्या आणि हसून, पण ठामपणे ‘नो, ग्रासियास’ म्हणा. कापडी तंबूत बसण्याआधी भाडं ठरवा, खुर्च्या धरून की वेगळ्या तेही विचारा. टॅक्सीला मीटर नसतो, तिथेही तेच. डोक्यावर फळांचं घमेलं घेतलेल्या पालेंकेरांचा, म्हणजे इथल्या फळवाल्या बायकांचा, फोटो काढलात तर पैसे द्यावेत. तो त्यांचा धंदा आहे.

बरोबर लहान मुलं असतील तर कास्तियोग्रांदे बरा. तो खाडीच्या बाजूला असल्याने लाटा जवळपास नाहीतच. डिसेंबर ते मार्च वारा जोरात असतो, तेव्हा मोकळ्या समुद्राकडच्या किनाऱ्यांवर ओढ जाणवते. लाल बावटा दिसला की पाण्यात उतरू नका. संध्याकाळी सहानंतर पोहायला बंदी असते.

जेवायला विमानतळापलीकडच्या ला बोकियाला जा. हे मूळचं कोळ्यांचं गाव. वाळूतच टाकलेल्या टेबलावर तळलेला अख्खा मासा, कच्च्या केळ्याचे चेचून तळलेले पाताकोन आणि नारळाचा भात येतो. नारळाचं दूध आटवून आटवून तेल सुटतं, खाली चोथा तांबूस होतो, त्यातच तांदूळ परततात. म्हणून भात तपकिरी आणि किंचित गोड. आपल्या नारळीभाताचा सावळा भाऊ म्हणा! जेवणाआधी होडीतून खारफुटीत फेरी मारा, ऊन चढायच्या आत. सुटे पेसो जवळ असू द्या, मोठी नोट काढलीत की सुट्ट्यांसाठी ताटकळावं लागतं.